नाजूक वस्तू संरक्षण सहकारी संस्था (नियोजित)

दसरा झाला की आमच्या गावातून माणसं निघून जायची आणि काच मागे राहायची.

चौसाळ्याच्या बाजूला, हायवेपासून बरंच आत आमचं गाव आहे. निम्मं गाव ऊस तोडायला जातं. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर लागले की ट्रॉलीत काय चढत नसे? कोयते, पाण्याचे ड्रम, जर्मनची पातेली, ज्वारीचं पोतं, कोंबड्या झाकलेलं डालगं, शेळी, तान्ही पोरं. चढत नसे ते फक्त फुटणारं. तिकडे राहायचं ते उसाच्या पाचटाच्या कोपीत. तिला ना भिंत ना फळी. तिथे आरसा कुठे टांगायचा आणि कपबशी कुठे ठेवायची? म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बाया आमच्या घरी यायच्या, पदराखाली काहीतरी धरून, जणू चोरीचा माल. आरसे यायचे, कपबश्या यायच्या. काचेच्या पेटीतला पांढरा ताजमहाल यायचा, जो एका नवऱ्याने आयुष्यात एकदाच लाडात येऊन घेतला होता. फ्रेममधले फोटो यायचे. त्यातल्या एका फोटोत कुठल्याशा साखर कारखान्याचे अध्यक्ष उत्कृष्ट ऊसतोड मजुराचा सत्कार करत होते. फोटोत अध्यक्ष पूर्ण होते, हार पूर्ण होता, मजुराचा मात्र एक कान आणि अर्धा खांदा तेवढा आला होता. त्याची बायको तो फोटो जिवापाड जपायची. "कान त्येंचाच हाय," असं ती कोणी न विचारता सांगायची.

हे सगळं आई आमच्या माळवदाच्या खोलीत ठेवायची. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच छत, बारीक खिडकी, पोरांना आत यायला मनाई. कोणाचं काय आहे हे तिने कधी कुठे लिहिलं नाही. पट्टा पडला, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपला, की माणसं परत यायची आणि ज्याची काच त्याच्या घरी जायची. यात पावती नव्हती, सभासद नव्हते, अध्यक्ष तर नव्हतेच. बहुधा म्हणूनच ते बिनबोभाट चाललं होतं.

माझ्या वडिलांना हे सहन होत नव्हतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा गावच्या दूध संस्थेचे सचिव. सहकारावर त्यांची श्रद्धा अशी की दोन माणसं एका काडीवर बिड्या पेटवताना दिसली तरी त्यांना त्यात संस्था दिसायची. त्यांना पत्रकं काढायचा नाद होता. बीडच्या छापखान्यातून, गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदावर, महिन्या-दोन महिन्याला एखादं पत्रक यायचंच. इतर पोरं 'कमळ' वाचून शिकली. मी वाचलेला पहिला शब्द 'आवाहन!' हा होता. पुढे कितीतरी दिवस मला वाटायचं, की शब्द संपला की एक उभी काठी आणि तिच्याखाली टिंब द्यावंच लागतं. पत्रकं वाटून उरायची. खरं तर उरून वाटली जायची. उरलेल्यांत आई कपबश्या गुंडाळायची. कष्टकऱ्यांच्या एकजुटीचं लहानपणी मी डोळ्यांनी पाहिलेलं काम एवढंच: तिने बशीला बशी घासू दिली नाही.

ही टिंगल करायचा मला हक्क आहे, कारण मी त्याच कागदांवर वाढले आणि आजही पत्रकंच लिहिते. फक्त आता छापण्याआधी मी आईला वाचून दाखवते. ती ज्या वाक्याला जांभई देते ते काढून टाकते.

त्या साली पाऊस आलाच नाही. पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं, तेव्हा लोकांनी ओल्या फडक्याने त्यांची तोंडं पुसली. पुढे गावाला टँकर लागला आणि जनावरं छावणीत गेली. जनावरं गेली तसं दूध संपलं. दूध संपलं, पण दूध संस्था संपली नाही. तिचं कुलूप रोज वेळेवर उघडायचं. भिंतीवरच्या फोटोंना उदबत्ती लागायची. पालथ्या कॅनवर बसून मासिक सभा व्हायची आणि दूध संकलन वाढवण्याचे उपाय हा विषय सर्वानुमते पुढच्या सभेकडे जायचा. अशा या मोकळ्या दिवसांत अण्णांना आमच्याच घरातल्या माळवदाच्या खोलीचा शोध लागला.

"हे जे तू करतेस ना," ते आईला म्हणाले, "हा सहकार आहे."

"बरं," आई म्हणाली. ती भाकरी थापत होती.

"पण असंघटित आहे."

"मंग काय करू? भाकरी करपू देऊ?"

अण्णा घरातही छापील बोलायचे, आई आष्टीकडचं बोलायची. एवढ्या वर्षांत दोघांनीही माघार घेतलेली नव्हती.

अण्णांनी संस्था काढायची ठरवली. नाजूक वस्तू संरक्षण सहकारी संस्था, आणि पुढे कंसात नियोजित. पत्रकाचा मजकूर त्यांनी ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवला. 'भगिनींनो! तुमच्या काचेला वाली कोण?' वाली आतल्या खोलीत ज्वारी पाखडत होती, पण तिचा उल्लेख पत्रकात कुठे नव्हता. मुख्य प्रवर्तक म्हणून अण्णांचं नाव होतं. दुसरे प्रवर्तक दूध संस्थेचे चेअरमन. चेअरमन म्हणजे गावातली सगळ्यात जास्त काळी जमीन, बरेचसे आटलेले बोअर आणि एक न आटलेला. हा न आटलेला कुठे आहे ते फक्त त्यांच्या डाळिंबांना ठाऊक होतं. तिसरे प्रवर्तक अण्णांचे एक दोस्त. त्यांनी आयुष्यात कधी ठराव मांडला नव्हता, पण मांडलेल्या एकाही ठरावाला अनुमोदन द्यायचं सोडलं नव्हतं. गाव त्यांना अनुमोदकच म्हणायचं, त्यांच्या तोंडावरसुद्धा.

आता मावशीबद्दल सांगायला हवं, कारण ज्या वस्तूची ही गोष्ट आहे ती तिची.

मावशी ही आईची सख्खी बहीण नव्हे. दोघी आष्टीकडच्या एकाच खेड्यातल्या, एकाच गल्लीत वाढलेल्या आणि एकाच गावात दिलेल्या. आईच्या वाट्याला सचिव आला, मावशीच्या वाट्याला कोयता. मावशीच्या संसारात फुटणारी वस्तू एकच होती: तिच्या आईने लग्नात दिलेली चिनीमातीची बरणी. वर तपकिरी, खाली दुधी, झाकणाच्या मुठीचा टवका कधीचाच उडालेला. तिची आई पुढे वारली, भाऊ पुण्याकडे वॉचमन म्हणून गेला तो तिकडचाच झाला, गावातल्या घराला कुलूप लागलं. माहेर म्हणून दाखवायला बरणी तेवढी उरली. हे माझं बोलणं झालं. मावशी असलं काही बोलत नसे. ती म्हणायची, "लोणचं लई टिकतं तिच्यात."

काच आमच्याकडे ठेवायची वहिवाट तिनेच पाडली होती. लग्नानंतर पहिल्यांदा उसाच्या फडात जाताना तिने बरणी आईच्या ओट्यात ठेवली आणि म्हणाली, "आल्यावर देशील तशी घेईन." तिचं बघून हळूहळू बाकीच्या बाया आल्या. आईला हे पक्कं ठाऊक होतं. मावशी ठेवते म्हणून बाकीच्या ठेवतात. मावशीने ठेवायचं थांबवलं, तर दुसऱ्या साली माळवदाची खोली म्हणजे नुसती अडगळ. आईला गावात ना पद होतं, ना नावावर रान होतं. तिच्याकडे काय होतं, तर तिच्याकडे दिलेलं फुटत नाही, एवढी एक बोलवा होती.

पत्रकं छापून आली तेव्हा ट्रॅक्टर जाऊन महिना झाला होता. ज्या भगिनींना आवाहन करायचं त्या कोल्हापूरच्या अंगाला मोळ्या बांधत होत्या. मग अण्णांनी तो गठ्ठा सुतळीने बांधलेला तसाच माळवदाच्या खोलीत नेला आणि वरच्या फळीवर चढवला. कोरडी जागा, त्यांच्या मते. फळीला वाळवी लागलेली होती. दुपारी आम्ही जेवत असताना आत काहीतरी दणकलं, आणि मग तो आवाज आला जो ऐकला की घरातली बाई ताटावरून उठतेच.

गठ्ठा थेट बरणीवर आला होता. नाजूक वस्तूंच्या संरक्षणाचं आवाहन नाजूक वस्तूवर पडलं होतं. बरणीला गळ्यापासून बुडापर्यंत चीर गेली होती आणि तोंडाचा एक टवका निखळून लांब पडला होता. ताजमहालाला काही झालं नव्हतं. सत्काराच्या फोटोतल्या अध्यक्षांनाही काही झालं नव्हतं.

आई भुईवर बसली. टवका उचलून तिने त्याच्या जागी लावून पाहिला, काढला, परत लावला. बराच वेळ ती तेवढंच करत राहिली.

"हे पत्रकांमुळे नाही झालं," अण्णा दारातून म्हणाले. "फळीमुळे झालं."

"फळीवर कोणी ठिवलं?"

"तो भाग वेगळा."

संध्याकाळी प्रवर्तक मंडळाची तातडीची बैठक आमच्या ओसरीवर भरली. मी अकरावीत होते आणि घरातली सगळ्यात जहाल व्यक्ती होते. मी उंबऱ्यात बसले, म्हणजे बैठकीत नाही आणि बाहेरही नाही.

"फळी कावून मोडली, अण्णा?" चेअरमननी विचारलं.

"वाळवी."

"अन् वाळवी घरात कावून आली?"

"आता कसं सांगणार? या साली सगळीकडेच आहे."

"या साली! का तर रानात कुठं ओल न्हाई. ओल असती तर वाळवी रानात ऱ्हायली असती, तुमच्या फळीवर कशाला चढली असती? म्हंजी बरणी फोडली कोणी? दुष्काळानं." चेअरमननी अनुमोदकाच्या मांडीवर थाप मारली. "नैसर्गिक आपत्ती हाय की बे ही!"

"अनुमोदन," अनुमोदक म्हणाले.

"तहसीलला ठराव देऊ. दुष्काळात फुटल्याली बरणी."

अण्णा विचारात पडले. ते प्रामाणिक माणूस आहेत. पण ठराव म्हटला की त्यांना पाझर फुटतो.

मी उंबऱ्यातून म्हणाले, "संस्थेने मावशीची जाहीर माफी मागितली पाहिजे. आणि बरणी नुसती बरणी नाही, तो स्त्रीधनाचा प्रश्न आहे. निवेदन काढा."

चेअरमन हसले. "पोरगी तुमच्यावरच गेली, अण्णा. बरणी घरात फुटली, अन् हिचा मोर्चा बीडला पोचलाबी."

आई चहा घेऊन आली. कप सगळ्यांच्या पुढे ठेवून ती तशीच उभी राहिली. "सांधायची कशी, ते कोणाला ठाऊक हाय का?"

तिघांनी कप उचलले. चहा फुरकल्याचे आवाज आले.

"तो तांत्रिक विषय झाला," अण्णा म्हणाले.

"वैनी, एवढं काय त्यात?" चेअरमन म्हणाले. "इलेक्शनच्या वक्ताला वाटायला आणलेल्या बरण्या पडल्यात माझ्याकडं. प्लास्टिकच्या. उद्या एक पाठवतो. जुनी द्या फेकून, नवी द्या तिला. फुटायचं नावच न्हाई."

ती दुसऱ्या दिवशी आलीच. लाल झाकण, आणि पोटावर हात जोडलेले चेअरमन. खाली लिहिलं होतं, 'हाकेला धावणारा'.

आईने ती कोपऱ्यात ठेवली आणि स्वतःच्या मार्गाला लागली. गल्लीतल्या एका म्हातारीने सांगितलं की पूर्वी चुना आणि गूळ कुटून सांधत. आईने कुटला, लावला, चीर झाकली. दोन दिवस बरणी अशी उभी होती की वाटावं झालं काम. तिसऱ्या सकाळी चिरेवरून मुंग्यांची रांग चालली होती, आणि त्या सांधा खात होत्या. दुष्काळ त्यांनाही होताच.

मग तिने टँकरवाल्याला गाठलं. त्याच्या टँकरला इतक्या ठिकाणी गळती होती की तो येऊन गेल्याचं कोणाला न विचारता, नुसता रस्ता बघून कळायचं. वाटेतल्या चिमण्या त्याच्यावर जगायच्या. गळती बुजवायला तो दोन रंगांचा मसाला ठेवायचा. दोन गोळे एकत्र मळायचे, चिरेत भरायचे, वाळला की दगड.

"ताई, माझा अख्खा टँकर ह्या मसाल्यावर चाललाय," तो छाती काढून म्हणाला.

"ते दिसतंय," आई त्याच्या चाकाखालच्या चिखलाकडे बघत म्हणाली. पण मसाला घेतला.

तिने तो पोळीच्या कणकेसारखा मळला आणि जरा जास्तच भरला. टवका बसवला. वरून सुतळीने बरणी आवळून बांधली. सुतळी पत्रकांच्याच गठ्ठ्याची होती. वाळल्यावर सोडलं तेव्हा दुधी पोटावरून राखी रंगाची एक जाड वळी उतरली होती, आणि तिच्यात आईच्या बोटांचे ठसे पक्के झाले होते. आईने तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. त्या दिवसांत तांब्याभर पाणी असं ओतणं म्हणजे चैनच. थोड्या वेळाने वळीच्या कडेला एक थेंब जमला. तो खाली आला, मग दुसरा. आईने पाणी परत तांब्यात काढलं आणि म्हणाली, "लोणचं न्हाई ऱ्हायचं हिच्यात." तेवढंच. चुना-गुळाच्या वेळी तिने तोंड वाकडं केलं होतं, या वेळी केलं नाही.

संक्रांतीला मावशीचा फोन आला. मुकादमाच्या मोबाईलवरून, पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज. आईने माझ्या हातातून फोन घेतला. तिळगूळ झाला, पोरांच्या खोकल्याचं झालं, तिकडच्या थंडीचं झालं. मग मावशीने विचारलं असावं. आईने माळवदाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"हाय," ती म्हणाली. "हाय की. जागेवर हाय."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघेना.  ती खोटं बोलली नव्हती. बरणी खरोखरच जागेवर होती.

पट्टा पडला. ट्रॅक्टर आले. उन्हाने रापलेल्या बाया एकेक करून येऊन आपापली काच घेऊन गेल्या. मावशी यायची होती त्या सकाळी अण्णांनी बरणी बाहेर आणून ठेवली, चीर भिंतीकडे करून. शेजारी प्लास्टिकची, चेअरमनचं तोंड दाराकडे करून. आई आतून आली. तिने मावशीची बरणी धरली आणि चीर पुढे येईल अशी फिरवून ठेवली.

मावशी आली. बसली. वळीवरून एक बोट वरून खालपर्यंत फिरवलं.

"कधी?"

"तुमी गेल्यावर महिन्यानं."

"म्हंजी संक्रांतीच्या आधी."

"व्हय."

"मी फोन केलता. हाय का म्हणून इचारलतं."

आई बरणीचं झाकण नीट बसवू लागली.

"तू हाय म्हणलीस."

"मुकादमाचा फोन. भवताली सगळे ऐकणार. तिथं काय सांगायचं? तुला तिथं घास गेला नसता."

"माझा घास गेला असता का न्हाई, ते माझं मी बघितलं असतं. तू कोण माझ्या घासाची?" मावशीचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "बरणी माझी हाय. चांगली व्हती तवा माझी, तर फुटल्यालीबी माझीच. मी तिकडं तीन महिने चांगल्या बरणीची मालकीण म्हणून फिरले. येताना ट्रॉलीत बसून कैऱ्यांचा हिशेब करीत आले."

मी तोपर्यंत मनात निवेदनाचे मुद्दे जुळवून ठेवले होते. मालकी, भरपाई, जबाबदारी. फोनचा मुद्दा त्यात नव्हता.

अण्णांना शांतता सोसत नाही. ते खाकरले आणि प्लास्टिकची बरणी पुढे सरकवली. "संस्थेतर्फे, म्हणजे नियोजित संस्थेतर्फे, ही सप्रेम..."

मावशीने बरणी उचलून तोंडाजवळ धरली. "हे कोण?"

"आपले चेअरमन."

"झाकण लावलं की बोलत न्हाईत ना?"

मला हसू फुटलं. आईला फुटलं नाही.

"बरी हाय," मावशी म्हणाली. "फडात न्यायला. कुठंबी आपटा, काय व्हत न्हाई असल्यांना." तिने दोन्ही बरण्या दोन काखांत घेतल्या आणि उठली. आई चहाचं आधण ठेवायला वळली होती. ती परत वळेपर्यंत मावशी गल्लीत पोचली होती. आमच्याकडे चहा न घेता जाणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

तो सगळा उन्हाळा मावशी आमच्या दारावरून पुढे बघत गेली. टँकरच्या रांगेत आईची घागर तिच्या मागे लागली तर ती आपली घागर उचलून दुसरीकडे लावायची. कैऱ्या त्या साली कुठे लागल्याच नव्हत्या. साऱ्या गावाच्या बरण्या रिकाम्या होत्या, चिरलेल्याही आणि न चिरलेल्याही. पण त्यावरून आईची समजूत काढायला जाण्यात अर्थ नव्हता. एकदा मी गेले होते. "त्या बरणीचं नगं सांगू मला," ती म्हणाली. "दसऱ्याला कळंल." तिने दसऱ्यापर्यंतची मुदत स्वतःला घालून घेतली होती. मावशी बरणी ठेवायला आली तर आली. नाही आली तर खोलीत ज्वारी भरायची.

अण्णा मावशीकडे एकदा सभासद होण्याचा अर्ज घेऊन गेले. ती शेणाने अंगण सारवत होती. "मी व्हतेच की सभासद," ती म्हणाली, "तुमची संस्था व्हती न्हाई तवा." पुढे त्यांचे कागद जिल्ह्याच्या कार्यालयातून परत आले. दूध आहे, मेंढी आहे, मजूर आहे, पण नाजूक वस्तू असा प्रकार कायद्यात नाही, असं तिथल्या साहेबाने तोंडी सांगितलं. अण्णांना वाईट वाटलं. मला वाटलं, साहेब कधी नव्हे ते खरं बोलला. संस्थेचं नियोजित कंसात होतं ते कंसातच राहिलं.

पाऊस बेताचा पडला आणि दसरा आला. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर लागले. निघायच्या आदल्या दिवशी आईने माळवदाची खोली झाडली. सारवली. फळी नवी होती आणि तिच्यावर अण्णांना पेन ठेवायचीसुद्धा बंदी होती. गठ्ठा भुईवर एका कोपऱ्यात. मग आई ओसरीवर सूप घेऊन बसली आणि निवडलेली ज्वारी परत निवडू लागली.

सकाळ गेली. कोणी आलं नाही. समोरच्या दारात आरसेवाली उभी होती, हातात आरसा, आणि ती गल्लीच्या वरच्या टोकाकडे बघत होती. ताजमहालवालीसुद्धा दारात येऊन आत गेली. सगळ्या एकाच घराकडे डोळे लावून होत्या, आणि ते घर आमचं नव्हतं. अण्णा दोनदा म्हणाले, "मी जाऊन आवाहन करतो." आईने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं.

दुपार कलताना मावशी आली. पदराखाली काही झाकलेलं नव्हतं. बरणी तिने कडेवर घेतली होती, पोर घेतात तशी, राखी वळी बाहेरच्या अंगाला, साऱ्या गल्लीला दिसेल अशी. ओसरीवर येऊन तिने ती आईच्या सुपातच ठेवली.

"जड लागतीय," आई म्हणाली. "काय हाय आत?"

"खडेमीठ. पावसाळ्यात पाणी सुटलतं त्याला, पण भाईर न्हाई आलं. त्या टँकरपक्षा बरी हाय." मग थांबून म्हणाली, "वळीला तुझी बोटं हायती. मी मीठ काढताना तिथंच धरते. हात सटकत न्हाई."

आई सुपात बघत होती.

"औंदा काय झालं तर फोन करायचा. गल्ली ऐकू दे, न्हाईतर सगळा कारखाना ऐकू दे."

"करीन."

"अन् अण्णांची पत्रकं कुठं हायत?"

"भुईवर."

"तिथंच ऱ्हाऊ दे."

अण्णा खांबाआडून पुढे झाले. "मी काय म्हणतो, कार्यालयाने नाही म्हटलं तरी आपण दुसऱ्या नावाने..." दोघींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं. अण्णांना दूध संस्थेत काहीतरी काम आठवलं.

आई चहा ठेवायला उठली. मावशीने मांडी घातली आणि कप हातात येईपर्यंत हलली नाही. दुसरा कपसुद्धा घेतला. ती पीत होती तेवढ्यात आई बरणी घेऊन आत गेली. गठ्ठ्यातली मूठभर पत्रकं काढून तिने त्यांचा पिळा केला, त्याचं वेटोळं केलं, घागरीखाली चुंबळ असते तसं. ते भुईवर ठेवून त्यात बरणी बसवली आणि हलवून पाहिली. डुगडुगत नव्हती. वेटोळ्यातून 'वाली कोण?' एवढीच अक्षरं बाहेर डोकावत होती.

बाहेर ओसरीवर बांगड्या वाजल्या. आरसेवाली आली होती, तिच्या मागे ताजमहाल, आणि सगळ्यात मागे फ्रेम छातीशी धरून ती सत्काराच्या फोटोवाली.

"ये गं," आई आतून म्हणाली. "आण तुझा कान."